बंब कोणाच्या मापाने बेतावा?

नवा आगीचा बंब ताफ्यात दाखल होतो, तेव्हाचा सोहळा आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. झेंडूच्या माळा, नारळ, पाहुण्यांच्या हातातील कात्री, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन आकडे : शिडी किती मीटर उंच जाते आणि किंमत किती कोटी पडली. या दोन आकड्यांवर नागरिक समाधान मानतो आणि राज्यकर्ते टाळ्या मिळवितात. त्या बंबाच्या कुशीतील कप्पा उघडून आत कोणते हत्यार, कोठे आणि कसे बसविले आहे, हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो कप्पा आहे. समाजवादी कार्यकर्त्याने एवढ्या बारीकसारीक गोष्टीत लक्ष का घालावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, सार्वजनिक पैशाचा विनियोग, कामगाराच्या अनुभवाची किंमत आणि उपनगरांतील कष्टकऱ्यांच्या जिवाची शाश्वती हे तिन्ही प्रश्न त्या एका कप्प्यात येऊन ठेपलेले आहेत.

प्रथम बंब तयार कसा होतो ते ध्यानात घेतले पाहिजे. मोटारीच्या कारखान्यातून बाहेर पडतो तो नुसता सांगाडा : इंजिन, चाके आणि दोन लांब पोलादी तुळया. याला आपण चॅसी म्हणतो. बांधणी करणारा दुसराच कारखाना त्यावर पाण्याची टाकी, पंप, जवानांची बैठक आणि साहित्याचे कप्पे चढवितो. कप्प्यांत ठेवावयाचे साहित्य पुष्कळदा तिसऱ्याच पुरवठादाराकडून आणि वेगळ्या खरेदीतून येते. त्यात ६३ मिलिमीटर व्यासाच्या होज असतात, नोझल आणि श्वसनयंत्रे असतात, लोखंड कापणारी आणि फाकविणारी हायड्रॉलिक हत्यारे असतात, जनित्र, दिवे, दोर, पहारी आणि कुऱ्हाडी असतात. चॅसी एकाची, बांधणी दुसऱ्याची आणि हत्यारे तिसऱ्याची, अशा तीन घरच्या तीन वस्तूंचा मेळ घालणे म्हणजे साहित्याची बसवणी. वर्दी आल्यापासून पाण्याची पहिली धार सुटेपर्यंतचा वेळ किती लागणार, हे बऱ्याच अंशी या बसवणीवर ठरते.

या कामाला शास्त्र आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे ४,५०० लिटरची टाकी भरली की साडेचार टनांचा भार झाला. वळणावर ते पाणी हिंदकळते, म्हणून टाकीत पोलादी पडदे घालावे लागतात. जड साहित्य वरच्या कप्प्यांत किंवा टपावर चढविले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि भरधाव वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. जनित्रासारखी जड वस्तू एका बाजूला आणि हलके सामान दुसऱ्या बाजूला बसविले, तर गाडी सदैव एका अंगावर झुकलेली राहते व ब्रेक मारताना दगा देते. खड्ड्यांच्या रस्त्यावर चॅसीच्या तुळया पिळवटतात. वरची बांधणी त्यांना लवचीक बैठकीवाचून जखडून टाकली, तर टाकीच्या सांध्यांना आणि कप्प्यांच्या चौकटींना तडे जातात. मुंबईच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडाच्या पकडी दोन पावसाळ्यांत गंजतात, आणि गंजलेली पकड ऐन वेळी उघडत नाही.

हे झाले यंत्राचे शास्त्र. दुसरे शास्त्र माणसाच्या शरीराचे आहे. हायड्रॉलिक हत्याराचे वजन वीस किलोच्या आसपास असते. ते खांद्याच्या वर बसविले, तर रात्री पावसात, हातमोजे घालून, डोळ्यांत धूर जात असताना जवानाने ते उतरवायचे कसे? श्वसनयंत्र जवानाच्या आसनाच्या पाठीतच बसविलेले असेल, तर बंब धावत असतानाच तो पट्टे चढवू शकतो. ते मागच्या कप्प्यात असेल, तर आगीच्या ठिकाणी उतरल्यावर पहिली काही मिनिटे ते पाठीवर घेण्यात जातात. तेच यंत्र आसनाच्या पाठीत ढिले बसविले, तर अपघातात त्याचा जड सिलिंडर जवानाच्याच मानेवर आदळेल. तेव्हा प्रत्येक पकड, प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक सरकता खण हा काही एक विचार करून घेतलेला निर्णय असला पाहिजे. तो निर्णय घेतो कोण, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला उपनगरात जी धार येते ती शहरात येत नाही. मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० साली अंधेरी-घाटकोपरकडे आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. हद्द वाढली ती कागदावर एका दिवसात, परंतु रस्ते, नळ आणि बंबखाने मागाहून, रखडत आले. मधल्या काळात कारखाने आले, त्यांच्या भोवती कामगारांच्या वस्त्या आल्या. पुढे कारखाने गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. वस्त्या मात्र डोंगरउतारांवर आणि नाल्यांच्या काठी दाटत गेल्या. आज बोरिवली किंवा मुलुंडच्या बंबखान्यातून निघणाऱ्या एकाच गाडीला सकाळी डोंगराच्या कडेच्या वस्तीत, दुपारी द्रुतगती मार्गावरील अपघातात आणि रात्री तीस मजली इमारतीत जावे लागते. दक्षिण मुंबईच्या आखीव रस्त्यांवर चालणारी बांधणी येथे जशीच्या तशी चालेल, असे मानणे म्हणजे एकाच मापाचा अंगरखा सर्वांना शिवण्यासारखे आहे.

गेल्या काही वर्षांतील दुर्घटना या दृष्टीने तपासून पाहाव्यात. १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या एका गाळ्याला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार मृत्युमुखी पडले. खैरानी रोडच्या आसपास जी गाळ्यांची दाटी आहे, तेथे काही गल्ल्यांची रुंदी जेमतेम तीन मीटर भरेल. बंब अडीच मीटर रुंद असतो. तो अशा गल्लीत कसाबसा शिरला, तरी त्याच्या दोन्ही कुशींना मिळून अर्धा मीटर जागा उरते. कप्प्यांची दारे बिजागरीची, बाहेर उघडणारी असतील, तर ती उघडणारच नाहीत. वर गुंडाळले जाणारे शटर असेल, तर निदान हात आत जाईल. पहिल्या पाच मिनिटांत लागणारे साहित्य मागच्या तोंडाशी बसविलेले असेल, तर कुशी बंद असतानाही काम सुरू होईल. बिजागरी की शटर, कूस की पाठ, ही निवड कचेरीत बसून करणाऱ्याला गौण वाटते. गल्लीत उभ्या असलेल्या जवानाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची असते.

त्यानंतर वर्षभरात, १७ डिसेंबर २०१८ रोजी, अंधेरीत मरोळ येथील कामगार विमा रुग्णालयाला आग लागली. कामगारांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात शंभराहून अधिक रुग्णांना व इतरांना धुराने ग्रासले, कित्येकांना खिडक्यांतून शिड्यांवरून उतरवावे लागले, आणि काही जणांनी प्राण गमावले. अशा वेळी पस्तीस फुटी शिडी बंबाच्या टपावरून किती झटपट उतरते, यावर जीव अवलंबून असतो. शिडी मागच्या बाजूने रुळांवरून ओढून काढावी लागते. मागे लगटून मोटारी उभ्या असतील, तर ती पुरती बाहेर येत नाही. टपावरून कुशीकडे झुकवून उतरविता येईल अशी जोडणी करणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. परंतु तशी ती मागितली गेली पाहिजे.

६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे गोरेगाव पश्चिमेतील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या एका इमारतीत तळमजल्यावर आग भडकली. तेथे लावलेली वाहने जळाली, धूर जिन्याने वर चढला आणि किमान सात रहिवासी दगावले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला छेडानगर येथे १२० फूट लांबी-रुंदीचा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. त्यात १७ जण मेले. पेट्रोलच्या टाक्या जवळ असल्यामुळे गॅसच्या ज्योतीने लोखंड कापणे धोक्याचे ठरले. ज्योतीवाचून कापणारे हत्यार पहिल्या पोचणाऱ्या गाडीत असणे आणि हाताशी असणे याचा अर्थ काय, हे त्या दिवशी साऱ्या मुंबईने पाहिले.

या घटनांत एक समान सूत्र आहे. मुंबईच्या अग्निशमन दलाकडे ९० मीटर उंचीपर्यंत पोचणारे शिडीयंत्र आहे आणि उंच इमारतींसाठी ते हवेच. परंतु खैरानी रोडचा गाळा, मरोळचे रुग्णालय, गोरेगावची पुनर्वसन इमारत आणि छेडानगरचा पेट्रोल पंप यांपैकी एकाही ठिकाणी नव्वद मीटरची गरज नव्हती. गरज होती ती साध्या बंबाची, परंतु नेमक्या बसवणीच्या बंबाची. उंचीचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, कप्प्याची रचना छापून येत नाही, आणि ज्याची प्रसिद्धी होते त्याकडेच पैशाचा ओघ वळतो. मग ज्यांच्या घरापर्यंत उंच शिडी पोचूच शकत नाही, त्यांच्या वाट्याला काय येते, हे वेगळे सांगावयास नको.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने निविदेकडे वळले पाहिजे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा नियम भ्रष्टाचाराला आळा घालण्यासाठी आला, आणि त्याचे ते महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु या नियमाची एक मर्यादा आहे. निविदेत जे मोजून लिहिलेले असते, त्याचीच किंमत स्पर्धेत उतरते. जे मोघम असते, त्याची किंमत शून्य धरली जाते. टाकी किती लिटरची, पंप मिनिटाला किती पाणी फेकणार, पत्रा किती जाडीचा, हे मोजता येते. ‘साहित्यासाठी सोयीस्कर कप्पे’ असे मोघम वाक्य असले, तर सोय कोणाची हे बांधणारा ठरवितो आणि स्वाभाविकपणे ती त्याच्या कारखान्याची सोय असते. मनापासून चांगली बसवणी देऊ इच्छिणारा कारखानदार अशा स्पर्धेत महाग ठरून बाहेर पडतो. दोष त्या एकट्या कारखानदाराच्या लोभाचा नाही. मागणाऱ्याला काय हवे हे ठाऊक नसणे किंवा ठाऊक असूनही न लिहिणे, हा दोष मागणाऱ्याचा आहे.

त्यात वेगवेगळ्या खरेदीची भर पडते. गाडी एका वर्षीच्या अंदाजपत्रकातून येते, कापण्याचे हत्यार दुसऱ्या वर्षीच्या. पहिल्या हत्याराच्या मापाने बसविलेली पकड दुसऱ्याला लागत नाही, आणि मग ते दोरीने बांधण्याची पाळी येते. हिशेबाच्या वहीत गाडी आहे, हत्यारही आहे. लेखापरीक्षकाची काही हरकत नाही. पण धावत्या बंबात ते हत्यार सुटून आदळते आणि हवे तेव्हा दोरीच्या गाठी सोडाव्या लागतात. वस्तू खरेदी करणे आणि वस्तू कामास येणे यांतील हे अंतर आपल्या सार्वजनिक खर्चाचे जुने दुखणे आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीला अनुसरून अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची केंद्रीय योजना २०२३ साली आली. पैसा येणे चांगलेच. परंतु तो जर पुन्हा मीटर आणि कोटी याच भाषेत खर्च झाला, तर जवानाच्या हाताला त्यातून फारसे काही लागणार नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि ते विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, प्रत्येक बंबखान्याने आपापल्या मर्जीने गाडी बांधून घेतली, तर अराजक माजेल. अंधेरीचा जवान मुलुंडला बदलून गेला की त्याला काही सापडणार नाही. या आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात फेब्रुवारी १९०४ मध्ये प्रचंड आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, परंतु त्यांच्या होजचे सांधे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. हजाराहून अधिक इमारती खाक झाल्या. त्या धड्यातून प्रमाणीकरणाची चळवळ जोर धरू लागली. आपल्याकडेही भारतीय मानकांनी होजचे सांधे आणि बंबांचे मुख्य प्रकार ठरवून दिले आहेत, ही मोठीच सोय आहे.

तेव्हा मुद्दा प्रमाण की मनमानी असा नसून, कोणत्या गोष्टी सर्वत्र सारख्या असाव्यात आणि कोणत्या स्थानिक गरजेवर सोडाव्यात, हा आहे. सांधे, पंपाच्या कळा, मापके, श्वसनयंत्रांची जागा आणि प्रथमोपचाराची पेटी या सर्व मुंबईत एकसारख्या हव्यात; अंधारात चाचपडणाऱ्या हाताला त्या न शोधता सापडल्या पाहिजेत. उरलेले कप्पे मात्र त्या त्या केंद्राच्या कामाप्रमाणे असावेत. बोरिवलीला जंगल आणि डोंगर आहे, घाटकोपर-मुलुंडला दरडी आणि महामार्ग आहे, अंधेरी-मरोळला गाळे, गोदामे आणि काचेच्या इमारती आहेत. फळीची उंची बदलता येईल असे खाचांचे कप्पे आणि सोडवून दुसरीकडे लावता येतील अशा पकडी एकदा मागून घेतल्या, तर हा बदल गाडी न तोडता करता येतो. मुख्य चौकट सारखी आणि आतील मांडणी स्थानिक, अशी ही व्यवस्था आहे. संघराज्याचे तत्त्व मान्य असणाऱ्यांना ती परकी वाटू नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि कौशल्याचा : महापालिकेने हे करावे कसे? महाराष्ट्रात हा प्रश्न विचारला जावा, याचे आश्चर्य वाटते. चॅसी विकत घेऊन तिच्यावर सार्वजनिक कार्यशाळेत बांधणी करण्याचा अनुभव या राज्याच्या एस. टी. महामंडळाला अनेक दशकांचा आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत कामगारांनी चॅसींवर गाड्या उभ्या केल्या आणि त्या गाड्यांनी महाराष्ट्राचे गाव न् गाव जोडले. अलीकडे तयार आणि भाड्याच्या गाड्यांकडे कल वाढला असला, तरी ते कसब नाहीसे झालेले नाही. पंप व टाकी यांची बांधणी खास कारखान्याकडून घ्यावी. परंतु साहित्याची अखेरची बसवणी महापालिकेने आपल्या कार्यशाळेत, आपल्या फिटरकडून आणि ज्या केंद्राला गाडी जायची तेथील जवानांसमोर करून घ्यावी. याला लागणारा खर्च पोलादाच्या पट्ट्या, अॅल्युमिनियमच्या पन्हळी आणि कुशल हातांची मजुरी इतकाच आहे. गाडीच्या किमतीपुढे तो नगण्य ठरेल. शिवाय पाच वर्षांनी हत्यार बदलले, तर पकड बदलण्यासाठी नवी निविदा काढावी लागणार नाही.

येथे आपण मूळ प्रश्नापाशी येतो : निर्णय कोणाचा? राज्यघटनेच्या ४३-अ या कलमाने उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व १९७६ पासून मान्य केले आहे. आपण या तत्त्वावर ठराव पुष्कळ केले, परंतु सहभाग म्हणजे संचालक मंडळावर एक खुर्ची, एवढाच त्याचा अर्थ राहिला. मुंबईच्या पालिका कामगारांच्या संघटनांचा इतिहास झुंजार आहे. पगार, पाळ्या, घरे, वारसांना नोकरी यांसाठी त्या लढल्या व ते योग्यच होते. पण ज्या हत्याराने कामगार काम करतो, त्याची घडण ठरविण्याचा अधिकार ही मागणी फारशी कधी पुढे आली नाही. जवानाला काय ठाऊक असते? कोणते दार पावसात फुगते, कोणती कडी हातमोज्याने उघडत नाही, पायरी किती उंच असली म्हणजे गुडघा निसटतो, हे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान कोणत्याही आराखड्यात नसते. अमेरिकेतील अनेक अग्निशमन दलांत नवी गाडी मागविण्यापूर्वी जवानांची समिती बसते, आराखडा तपासते आणि कारखान्यात जाऊन अर्धवट बांधलेली गाडी पाहून येते. ज्या देशाला आपण भांडवलशाहीचा बालेकिल्ला म्हणतो, तेथे हे घडते. आणि लोकशाही समाजवादाचे नाव घेणाऱ्या आपल्याला त्याची आठवण करून द्यावी लागते.

याच्या जोडीला लोकप्रतिनिधींच्या देखरेखीचाही प्रश्न आहे. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या विषयांत घातली. परंतु मुंबईच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे प्रशासकांनीच कारभार केला. या काळात झालेल्या खरेद्यांवर सभागृहात प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. ज्या खरेदीवर कोणी प्रश्न विचारीत नाही, ती हळूहळू पुरवठादाराच्या सोयीने होऊ लागते. त्यासाठी कोणी अप्रामाणिक असण्याचीही गरज नसते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी चार मागण्या हाती घ्याव्यात असे सुचवावेसे वाटते. बंबाच्या निविदेत कप्प्यांची, पकडींची आणि वजनाच्या विभागणीची रचना आकृतीसह नमूद व्हावी. आकृती ठरविणाऱ्या समितीत निम्म्या जागा प्रत्यक्ष वर्दीवर जाणाऱ्या जवानांना आणि यंत्रचालकांना असाव्यात. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी उपनगरातील खऱ्या गल्लीत, रात्री, पूर्ण साहित्यानिशी तिची चाचणी व्हावी आणि किती सेकंदांत कोणते हत्यार हाती आले याची नोंद जाहीर करावी. अखेरची बसवणी आणि पुढील फेरबदल महापालिकेच्या कार्यशाळेत व्हावेत, व त्यासाठी तेथील रिकाम्या जागा भराव्यात. यातील कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही, आणि एकीलाही मोठे भांडवल लागत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. येत्या सप्ताहात अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील आपल्या शाखांनी पुष्पचक्र जरूर वाहावे. त्याबरोबर रीतसर परवानगी घेऊन जवळच्या बंबखान्यात जावे आणि तेथील जवानांना विचारावे की, या गाडीत तुम्हाला कोणती वस्तू कोठे हवी होती आणि ती कोठे बसविली आहे. त्यांची उत्तरे लिहून घ्यावीत आणि त्यांचे एक निवेदन करून आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या हाती द्यावे.